गेम्बुलनं तोंड फिरवलं

...नाही, भोपळा नको असेल तर नको, माझं काही म्हणणं नाही! भोपळा मलाही आवडत नाही. पण मग रताळं खा की! रताळं नको? बरं, अंडं खा. अंडं नको? कोंबडी? कोंबडीही नको? अहो, कोंबडीला नाही म्हणणारं कुत्रं तुम्ही कधी पाहिलंय का? मी पाहिलंय. माझ्याच ओसरीवर बसलेलं असतं. एक कान उभा, एक कान आडवा, लांबूनसुद्धा दिसाव्यात अशा बरगड्या, आणि नाव काय, तर गेम्बुल! आमच्या बालीत, ग्यान्यारकडे, खाऊन खाऊन टुमटुमीत झालेल्या पोराला गेम्बुल म्हणतात. मी मोठ्या आशेनं ठेवलं हो ते नाव! म्हटलं, नावाला तरी जागेल. तर कसलं काय... त्याच्यापुढे वाटी ठेवली की वास घेणार, माझ्याकडे बघणार, आणि तोंड फिरवणार!

आता तुम्ही म्हणाल, कोमांग, तू एवढी हॉलंडला जाऊन जनावरांच्या आहाराचं शास्त्र शिकून आलीस, आणि तुला एक पिल्लू जेवू घालता येत नाही? म्हणा, म्हणा! अख्खी वाडी म्हणतेय, तुम्हीच का मागे राहता?

पण मी काय पोटापुरतं शिकून आलेली नाही, हे आधी लक्षात घ्या. मी ठरवून आलेय! विमानातून उतरले तीच मुळी ठरवून, की आपल्या वाडीतल्या एकाही कुत्र्यावर यापुढे झाडू उगारला जाणार नाही. तिकडे कुत्री कशी जेवतात माहितीये? मानानं जेवतात! आपल्याकडे काय, तर बाजाराच्या पायरीवर फुलवालीनं नैवेद्याचं पान ठेवलं, की हे बिचारे जीव चिमूटभर भातासाठी पुढे सरकणार, आणि वरून "हाड्! हाड् मेल्या!" जन्मभर शिव्या खायच्या आणि त्यांच्या जोडीला भात. हे काय जगणं झालं? मी सभामंडपात उभी राहून बोलले हो, सगळ्यांसमोर! "प्रत्येक जिवाला मानानं जेवायचा हक्क आहे!" माझाच आवाज भरून आला. पुरुषमंडळींनी कॉफी पिता पिता माना डोलावल्या, आणि शेवटी कुणीतरी विचारलं, "झालं? मग आता मिरवणुकीतल्या राक्षसाच्या शेपटीचं बघू या का?"

तर हा गेम्बुल मला सापडला त्याच बाजारामागच्या गटारात, कुजलेल्या फुलांच्या ढिगात. पायरीवर जन्मलेला, फुलवाल्यांच्या झाडूखाली वाढलेला. मी त्याला पदराखाली धरून घरी आणला. मेमे, म्हणजे आमची आई, नेमकी सकाळचा नैवेद्य ठेवत होती. ताज्या भाताची चिमूट केळीच्या पानाच्या तुकड्यावर, एक चुलीपाशी, एक विहिरीपाशी, एक फाटकाशी. तिची पाठ वळते न वळते तोच हा हडकुळा माझ्या हातातून निसटला आणि थेट फाटकाशी! मेमेनं झाडू उचलला. "हाड्! अरे मेल्या, उदबत्ती तरी विझू दे देवाची!" आणि हा पठ्ठ्या एका घासात पान चाटून मोकळा.

खाल्लं. लक्षात ठेवा हं. त्या दिवशी त्यानं खाल्लं होतं. मी ते लक्षात ठेवलं नाही.

मी काय केलं? मी झाडू हिसकावला! म्हटलं, "मेमे, या घरात पुन्हा कुणी कुणाला हाड् म्हणायचं नाही!" म्हटलं, "नुसता भात? त्याच्या हाडांना काय मिळणार त्यातून? आजपासून याचा आहार मी बघणार." आणि फळी घेतली, रंग घेतला, आणि फाटकावर पाटीच लावली, 'येथे सर्व जीव मानाने जेवतात. कृपया ओरडू नये.' मेमेनं पाटी वाचली आणि म्हणाली, "तुझ्या बापालापण दाखव. त्याला कळू दे की मी इतकी वर्षं चुकले."

मग सुरू झालं. आधी परदेशी कोरडे दाणे. कोमट पाण्यात भिजवून, वाटी चकचकीत घासून, मी त्याच्यासमोर मांडी घालून बसले आणि मऊ आवाजात म्हटलं, "ये बाळा, जेव." आणि गेम्बुल? गेम्बुलनं वास घेतला, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड फिरवलं. बरं, म्हटलं, दाणे कृत्रिम असतात, त्याचं बरोबर आहे. मग उकडलेली कोंबडी, वर भोपळा. तोंड फिरवलं. कोंबडीचं काळीज. तोंड फिरवलं. बाजारातून वाफवलेला मासा आणला, काटे काढता काढता माझी बोटं सोलली, शेजारपाजारची सगळी मांजरं आमच्या कुंपणावर ओळीनं येऊन बसली, एक मांजर तर बिचारी रडायला लागली, आणि गेम्बुल? तोंड फिरवून मांजरीकडे बघत बसला! जणू काही म्हणतोय, हिला द्या, हिला गरज दिसतेय.

डॉक्टर सुदिआर्सांकडे नेला. जनावरांचे डॉक्टर. माणूस शांत, इतका शांत की बोलता बोलता झोपतील असं वाटतं. त्यांनी याचे दात पाहिले, पोट दाबलं, म्हणाले, "आजार काऽऽही नाही. भूक लागली की खाईल."

"पण खात नाहीये ना!"

"म्हणजे भूक नसेल."

"डॉक्टर, बरगड्या बघा!"

"हां... मग भूक असेल." आणि एक जांभई. "हे बघ पोरी, न्येपी झाली की मी तुमच्या सभामंडपात लस टोचायला येतोय. तेव्हा हा खातापिता असला, चार पायांवर धड उभा असला, तर टोचीन. असल्या लटपटत्या जिवाला मी सुई लावणार नाही."

न्येपी म्हणजे आमचा मौनाचा सण. आता आली का पंचाईत? कारण वाडीच्या पंचायतीनं ठराव केलेला, ज्याला लस त्याला लाल पट्टा, आणि लाल पट्टा नसलेलं कुत्रं वाडीत ठेवायचं नाही. आणि हा ठराव कुणी मांडलेला? मीच! शास्त्र म्हणून! म्हणजे हा जेवला नाही तर लस नाही, लस नाही तर पट्टा नाही, पट्टा नाही तर मीच उचलून आणलेलं पिल्लू मीच उचलून पुन्हा गटारापाशी सोडायचं. आणि तिथं ते किती दिवस काढेल, हे सांगायला हॉलंडला जायला लागत नाही. मला रात्री... जाऊ दे. मी त्याच्याजवळ चटई टाकायला लागले, एवढंच सांगते. पोटावर हात ठेवला की हाताला पोट लागायचंच नाही हो.

त्यात शेजारच्या दादोंग रेन्ती, म्हणजे रेन्ती आजी. वय झालंय, दात गेलेत, पण कुंपणावरून बोलायचं गेलेलं नाही. त्यांनी गेम्बुलला एकदा तोंड फिरवताना पाहिलं आणि हातातली फुलांची परडीच खाली ठेवली.

"अगं बाई! हे तर तुझे पेकाक!"

पेकाक म्हणजे माझे आजोबा. वारून बरीच वर्षं झाली.

"बघ ना ती मान! अश्शीच फिरवायचे ते. तुझी आजी ताट ठेवायची, हे वास घ्यायचे, तिच्याकडे बघायचे आणि अश्शी मान फिरवायची. त्यांना लावार लागायचा. तोही ताजा. परत आलेत गं, जेवण आवडलं नव्हतं म्हणून तक्रार करायला आलेत!"

मी म्हटलं, दादोंग, हे शास्त्राला धरून नाही. पण मेमेच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझं शास्त्र तिथंच संपलं. कारण मेमेनं पदर सावरला होता! पिल्लासमोर! आणि त्या दिवसापासून, तुम्हाला सांगते, आमच्या घरात एक नवीन सासरा नांदायला लागला. मेमे त्याच्याशी अहोजाहो बोलायची. देवळात पुजाऱ्याशी बोलतात ना, त्या वरच्या भाषेत. "आपण उठलात का? आपल्याला ऊन लागतंय का? आपण जरा त्या बाजूला बसता का, मला झाडायचंय." त्यानं तिची चप्पल चावली तर म्हणे, "आपल्याला हीच आवडली होय? दुसरी आणू?" मी लहानपणी चप्पल हरवली तेव्हा मला काय मिळालं होतं ते माझ्या पाठीला विचारा!

आणि लावार केला तिनं. शेंगा बारीक चिरून, खोबरं भाजून, खिमा, मसाला, वर सणासुदीला घालतात तसं रक्त, आणि पेकाकांना आवडायच्या तेवढ्या मिरच्या. मी मध्ये पडले. "मेमे, मिरच्या! आतडी जळतील त्याची!" तर म्हणते, "तुझ्या आजोबांची कधी जळली नाहीत." शेवटी मी हातापाया पडून बिनमिरचीचा बाजूला काढायला लावला. केळीच्या पानावर वाढला. मेमेनं हात जोडले. "आपण दोन घास घ्यावेत."

आणि गेम्बुल? गेम्बुलनं वास घेतला, आधी मेमेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड फिरवलं.

"बिनमिरचीचा म्हणून," कुंपणावरून दादोंग म्हणाल्या.

असं करत करत न्येपीची आदली संध्याकाळ उजाडली... संध्याकाळ उजाडत नाही, माहितीये मला, पण माझी त्या दिवसांत उजाडायचीच, कारण दिवसभर मी वाटी घेऊन त्याच्यामागे फिरत असायचे आणि सूर्य कधी डोक्यावरून गेला पत्ता नसायचा! तर ती संध्याकाळ. भुतांना हाकलायची. फाटकाबाहेर मेमेनं भुतांसाठी पान मांडलं, पाच रंगांचा भात, वर आलं, कांदा, मीठ. आणि मग जो काही गोंगाट! डबे, पातेली, बांबू, ज्याच्या हाताला जे लागेल तो ते बडवतोय, "चालते व्हा! निघा! हाड् हाड्!" रस्त्यावरून तो मोठा राक्षस खांद्यावर नाचवत नेतायत, पोरं किंचाळतायत, मीही पातेलं बडवतेय, भुतांना हाकलताना शास्त्र आड येत नाही... आणि बघते तर गेम्बुल फाटकाबाहेर, भुतांच्या पानात तोंड घालून!

"कांदा!" मी किंचाळले. "अरे कांदा आहे त्यात! कुत्र्याला विष असतं! थुंक! थुंक आधी!" जसजशी मी ओरडतेय तसतसा हा जास्त भराभर गिळतोय. मी पोचेपर्यंत पान लख्ख. कांद्याची चकती तेवढी माझ्या हाती लागली. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, "कांदा तुझ्या हातात आहे ना? मग त्याच्या पोटात नाही. झोप आता."

झोपते कुठली! खाल्लं होतं त्यानं! एवढ्या दिवसांनी! आता फक्त शोधायचं होतं, का खाल्लं? मी विचार केला. शास्त्रीय पद्धतीनं केला. पानात असं काय होतं जे माझ्या वाटीत नव्हतं? आणि तुम्हाला सांगते, माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रंग! त्याला पाच रंग हवेत!

हसू नका. त्या वेळी फार बरोबर वाटत होतं.

न्येपीला चूल पेटवायची नाही, म्हणून मी पहाटेच्या आत सगळं उरकलं. पांढरा भात, हळदीचा पिवळा, लाल ड्रॅगनफ्रूटचा तांबडा, काळ्या तांदळाचा काळा, आणि पाचवा सगळ्यांचा मिसळ. प्रत्येक रंगात कोंबडी, अंडं, सगळं प्रमाणात कालवून. कांदा नाही. इतकं देखणं पान मी देवालाही कधी वाढलं नसेल!

आणि न्येपी सुरू झाली. चूल नाही, दिवा नाही, काम नाही, बाहेर पाऊल नाही, आवाज नाही. वाहनं बंद, विमानं बंद, अख्खं बेट श्वास धरून बसलेलं. आमच्यासारख्या बडबड्या बाईला तो दिवस आधीच वर्षाएवढा. त्यात मी पान घेऊन ओसरीवर बसलेली. हातानंच खूण केली. ये. जेव. बघ, पाच रंग!

आणि गेम्बुल... आता मी सांगायला हवं का?

मी पान फिरवून ठेवलं. दुसऱ्या बाजूनं ठेवलं. फाटकाशी नेऊन ठेवलं. तो लटपटत मागे आला, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि तिथंच बसला. बसला म्हणजे, मागचे पाय वाकले हो त्याचे. उठता येईना. परवा डॉक्टर येणार. आणि मला आला असा संताप, आणि इतक्या दिवसांचं ते "बाळा" आणि "राजा" आणि ती मऊ मऊ मनधरणी सगळी एकदम फुटली, आणि न्येपीच्या भर दुपारी, अख्ख्या बालीच्या शांततेत, माझ्या तोंडून निघालं,

"गीऽऽळ रे मेल्याऽऽ!"

समोरच्या नारळावरून पाखरं उडाली. आणि गेम्बुलचा आडवा कान उभा राहिला.

मी तोंडावर हात दाबला. पण फाटकावर लगेच काठी. टक टक. ब्ली नेंगाह, म्हणजे नेंगाहदादा! आमच्या वाडीचा पहारेकरी. कमरेला चौकडीचं फडकं, हातात दांडका, न्येपीला कुणी आवाज करू नये म्हणून फिरत असतो. दार ढकलून आत आला, रागानं लाल, आणि ओरडता तर येत नाही, म्हणून कुजबुजत ओरडतोय.

"कोमांग! लाज नाही वाटत? आज? आजच्या दिवशी?" आणि दांडका माझ्यावर उगारायचा तो, मी पडले मोठ्या पुजाऱ्याची भाची, म्हणून पिल्लावर उगारला. "शूऽऽ! हाड्!"

आणि गेम्बुल उठला! लटपटत उठला, पानाशी गेला आणि खायला लागला! पिवळा खाल्ला, तांबडा खाल्ला... नेंगाह गप्प झाला, तसा हाही थांबला. मान वर करून नेंगाहकडे बघतोय. वाट बघतोय!

तेव्हा, तुम्हाला सांगते, माझ्या डोक्यात खरा प्रकाश पडला, आणि त्याचा चटकाच बसला. त्या पायरीवर त्याला कधी कुणी बोलावून वाढलं होतं? कुणीही नाही. जे खाण्यासारखं असेल त्यावरून हाकलतात, एवढंच त्याला ठाऊक. जिथं कुणी हाड् म्हणत नाही, तिथं खाण्यासारखं काही नसणारच! आणि मी फाटकावर पाटी लावून बसले होते!

"ब्ली," मी कुजबुजले, "ओरडा!"

"काय?"

"थांबू नका! त्याला बोला! ओरडा!"

"अगं, न्येपी आहे! मी पहारेकरी आहे!"

"पाया पडते तुमच्या, ब्ली, तो परवापर्यंत उभा राहायला हवा! हाकला त्याला!"

"हळू बोल! लोक ऐकतील!"

"ऐकू देत! मोठ्यानं!"

"तू..." नेंगाहचा गळा फुगला, मानेच्या शिरा ताठ झाल्या, "तू वेऽऽडी झालीयेस का गंऽऽ?! आणि हे भिकारडं कुत्रं! देवाधर्माचा दिवस नाही, काही नाही, चरतंय मेलं! हाड्! चल हाऽऽड्!"

काय आवाज, काय आवाज! भाताच्या शेतापलीकडे दुसऱ्या वाडीत ऐकू गेला म्हणे. मेमे देवघरातून धावत आली आणि दोन्ही हात जोडून म्हणाली, "अहो, त्यांना नका असं बोलू!" आणि गेम्बुलनं काळा संपवला, मिसळ संपवला, पान चाटलं, पालथं केलं आणि खालून चाटलं. पाचही रंग! माझ्या डोळ्यांतून पाणी वाहतंय, नेंगाह दांडका धरून घामाघूम उभा आहे, आणि बरोबर त्याच्या डोक्यावर माझी पाटी, 'कृपया ओरडू नये.'

पंचायत भरली, अर्थातच. एवढ्या वर्षांत न्येपीला पहारेकरीच ओरडला असं कधी झालं नव्हतं. दोघांनाही शिक्षा. देवळाच्या येत्या उत्सवाची माडाच्या पानांची सगळी तबकं मी शिवायची आणि त्यांच्या काड्या नेंगाहनं तासायच्या. तासतोय. तिकडे पाठ करून बसलाय, माझ्याशी बोलत नाही. पण डॉक्टर आले तेव्हा गेम्बुल चार पायांवर उभा होता, कारण मधला सबंध दिवस मी त्याला मनसोक्त हाकलून जेवू घातलं होतं. सुई टोचली, लाल पट्टा बांधला. डॉक्टर म्हणाले, "बघ, भूक लागली की खातात." मी काही बोलले नाही. शिव्या शिल्लक ठेवायच्या होत्या.

तर आता असं आहे. मानानं जेवू घालणारी मी रोज सकाळ-संध्याकाळ फाटकात झाडू घेऊन उभी असते आणि एवढ्याशा जिवाला तोंडाला येईल ते बोलते. येणारेजाणारे परदेशी पाहुणे थांबतात, हळहळतात, फोटो काढतात. दादोंग कुंपणावरून म्हणतात, "हेच शिकायला एवढ्या लांब गेली होतीस होय?" मेमेला बोलायला सांगावं तर ती म्हणते, सासऱ्यांना मी कशी बोलू? पाटी मी उतरवली. तिच्यावरच आता त्याचं पान वाढते.

आणि खातो हो! भोपळा खातो, रताळं खातो, दाणे खातो, काहीही खातो. आहाराचा प्रश्न सुटला. मला वाटलं, आता सुटले मीही. एक सणसणीत शिवी फोनवर रेकॉर्ड करून ठेवावी आणि वाटीशेजारी लावून द्यावी. लावली. गेम्बुलनं फोनचा वास घेतला आणि तोंड फिरवलं. ताजी लागते! बरं, म्हटलं, ताजी तर ताजी. रोज नवीन कुठून आणू, म्हणून काल सकाळी आदल्या दिवशीचीच दिली, अगदी ठसक्यात, झाडू आपटून, वर "हाड्" घालून...

आणि गेम्बुल? गेम्बुलनं ऐकून घेतलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंड फिरवलं.